वजन मुलाचे, दोष कोणाचा?

२०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आठवड्याभराच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. २३ फेब्रुवारी रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी 'मन की बात' या आकाशवाणीवरील कार्यक्रमात लठ्ठपणाचा विषय काढला. मुलांमधील लठ्ठपणा चौपट वाढल्याबद्दल चिंता व्यक्त करून त्यांनी घरातील खाद्यतेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. त्यानंतर सातच दिवसांनी, २ मार्च रोजी, दुबईत चॅम्पियन्स करंडकाचे सामने रंगात आले असताना काँग्रेसच्या एका राष्ट्रीय प्रवक्त्यांनी भारतीय संघाचा कर्णधार रोहित शर्मा खेळाडूच्या मानाने जाड असल्याचे आणि त्याने वजन कमी करण्याची गरज असल्याचे समाजमाध्यमावर लिहिले. गदारोळ झाला, पक्षाने हात झटकले, मजकूर काढून टाकण्यात आला. ९ मार्चच्या अंतिम सामन्यात रोहितने ७६ धावा करून सामनावीराचा मान पटकावला, करंडक भारताने जिंकला आणि चर्चा मिटली.

ती ज्या पद्धतीने मिटली, ते मात्र विचार करण्याजोगे आहे. रोहितची बाजू घेणाऱ्या बहुतेकांचा युक्तिवाद एकच होता : त्याच्या धावा पाहा, त्याने जिंकलेले चषक पाहा. थोडक्यात, कर्तबगारी मोठी असेल तर जाडी माफ. एखाद्याच्या शरीरावरून त्याची टवाळी करणे मुळातच गैर आहे, असे म्हणणारे आवाज त्या गलक्यात क्षीण ठरले. याच रोहितला 'वडापाव' म्हणून हिणवणारे क्रिकेटप्रेमी आधीही होते आणि नंतरही राहिले. विश्वविजेत्या कर्णधाराची ही कथा, तर सहावीतल्या लठ्ठ मुलाची काय असेल? त्याच्या कपाटात चषक नसतात. शाळेच्या बसमध्ये, कवायतीच्या तासाला, सोसायटीच्या आवारात आणि नातेवाइकांच्या लग्नात त्याच्या वाट्याला जे येते, त्याला उत्तर म्हणून दाखवण्याजोगे त्याच्याकडे काहीच नसते.

मुलांचा लठ्ठपणा हा आता सरकारी परिपत्रकांचा, वैद्यकीय परिषदांचा आणि वृत्तपत्रीय मथळ्यांचा विषय झाला आहे, ही चांगली गोष्ट आहे. परंतु परिपत्रकात जो 'आरोग्याचा प्रश्न' असतो, तो घरात आणि वर्गात उतरताना 'वळणाचा प्रश्न' होतो. मूल जाड आहे म्हणजे ते हावरट आहे, आळशी आहे किंवा त्याच्या आईने त्याला लाडावून ठेवले आहे, असा निवाडा क्षणार्धात दिला जातो. हा निवाडा कितपत खरा आहे आणि त्याने प्रश्न सुटतो की चिघळतो, हे तपासण्याची वेळ आली आहे.

आकडे काय सांगतात

प्रश्न काल्पनिक नाही, हे प्रथम मान्य करायला हवे. जगभरातील संशोधकांनी एकत्र येऊन केलेला आणि २०२४ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, भारतात ५ ते १९ वर्षे वयोगटातील सुमारे १ कोटी २५ लाख मुले-मुली २०२२ मध्ये लठ्ठ होती. १९९० मध्ये ही संख्या अवघी चार लाखांच्या घरात होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालील जादा वजनाच्या बालकांचे देशातील प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ३.४ टक्क्यांवर गेले. महाराष्ट्रात ते याच काळात १.९ वरून ४.१ टक्के, म्हणजे दुपटीहून अधिक झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये युनिसेफने जाहीर केलेल्या अहवालाने तर एक ऐतिहासिक वळण नोंदवले. जगातील ५ ते १९ वयोगटात लठ्ठ मुलांचे प्रमाण (९.४ टक्के) कमी वजनाच्या मुलांच्या प्रमाणाला (९.२ टक्के) प्रथमच ओलांडून गेले.

परंतु याच पाहणीतील दुसरा आकडाही नजरेआड करून चालणार नाही. महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी, म्हणजे वाढ खुंटलेली आढळली. एकाच राज्यात एकीकडे खुंटलेली आणि दुसरीकडे वजनाखाली दबलेली मुले आहेत. कुपोषणाची ही दोन टोके वाटतात तितकी एकमेकांपासून दूर नाहीत.

'बाळसे' ते 'जाड्या'

मराठी घरांतील भाषा या बाबतीत मोठी बोलकी आहे. सहा महिन्यांचे मूल गुबगुबीत असले की ते 'बाळसेदार', 'गुटगुटीत'. सडपातळ बाळाच्या आईला मात्र 'याला अंगी लागत नाही वाटतं' असे ऐकून घ्यावे लागते. 'सुदृढ बालक' स्पर्धांनी हीच समजूत पक्की केली. यामागे इतिहास आहे. १९७२ च्या दुष्काळात सुकडीवर दिवस काढलेल्या पिढीच्या लेखी नातवंडाच्या अंगावरचे मांस ही चैन नव्हती, ती सुरक्षितता होती. 'खात्यापित्या घरचा' हा शब्दप्रयोग कौतुकाचा ठरला तो त्यामुळेच. भुकेच्या आठवणीतून आलेल्या या आग्रहाला आजच्या आजीचा अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

अडचण पुढे येते. तेच मूल नऊ-दहा वर्षांचे झाले की कौतुकाचे शब्द एका रात्रीत बदलतात. कालचा 'गुटगुटीत' आज 'जाड्या', 'ढोल्या', 'ढब्बू' होतो. ज्या आत्याने आग्रहाने तिसरी पुरणपोळी वाढली, तीच 'आता जरा आवर' म्हणून चारचौघांत टोकते. मुलगी असेल तर तिच्या लग्नाची काळजी तिच्या दहावीच्याही आधी सुरू होते. मुलाला या दोन टप्प्यांच्या मधला धागा कळत नाही. आपल्यात काहीतरी चुकीचे आहे, एवढेच त्याला कळते.

करमणुकीच्या जगाने या टवाळीला प्रतिष्ठा दिली. हिंदी चित्रपटांनी टुणटुण यांच्यासारख्या गुणी कलावतीकडून, जी मूळची उत्तम गायिका होती, वर्षानुवर्षे प्रामुख्याने एकच काम करून घेतले : पडद्यावर यायचे आणि आकारामुळे हशा मिळवायचा. अलीकडे 'दम लगा के हईशा' (२०१५) किंवा मराठीतील 'वजनदार' (२०१६) यांसारख्या चित्रपटांनी जाड नायिकेला माणूस म्हणून उभे केले खरे. पण विनोदी कार्यक्रमांतील हुकमी हशा अजूनही तिथूनच येतो.

हसण्याने वजन उतरते का?

'बोलल्याशिवाय सुधारणार कसा?' हा यावरचा ठरलेला प्रतिवाद असतो. टोमणा हा कडू पण गुणकारी उपाय आहे, अशी समजूत अनेक पालकांची आणि शिक्षकांचीही असते. संशोधन नेमके उलट सांगते. अमेरिकेत दोन हजारांहून अधिक मुलींची दहा वर्षांच्या वयापासून एकोणिसाव्या वर्षापर्यंत पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. दहाव्या वर्षी ज्या मुलींना आई-वडील, भावंडे, मैत्रिणी किंवा शिक्षकांपैकी कोणीतरी 'तू फार जाड आहेस' असे म्हटले होते, त्या एकोणिसाव्या वर्षी लठ्ठ असण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक निघाली. दहाव्या वर्षीचे प्रत्यक्ष वजन हिशेबात घेऊनही हा फरक उरला. म्हणजे शिक्क्याचा स्वतंत्र परिणाम होता.

असे का व्हावे, याचे उत्तर अवघड नाही. ज्या मुलाला पळताना पाहून वर्ग हसतो, ते मूल पळणे सोडते. खेळाच्या तासाला पोटदुखीची सबब काढते. जे सर्वांसमोर खाल्ल्यावर बोलणी बसतात, ते एकांतात आणि घाईघाईने खाल्ले जाते. ताण हलका करण्याचा सर्वांत जवळचा उपाय म्हणजे पुन्हा खाणे. डॉक्टरकडे जायचे म्हटले तरी तेथेही बोलणीच बसतील या भीतीने तपासणी टाळली जाते. अशा रीतीने टोमणा मुलाला नेमक्या त्याच गोष्टींपासून दूर नेतो, ज्या त्याच्या उपयोगाच्या असतात.

या तिरस्काराची मुळे किती खोल आहेत, याचा एक जुना पुरावा आहे. १९६१ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांना सहा चित्रे दाखवून आवडीनुसार क्रम लावायला सांगितले होते. त्यांत एक धडधाकट मूल होते, एक कुबड्या घेतलेले, एक चाकाच्या खुर्चीतले, एकाचा हात नव्हता, एकाच्या चेहऱ्यावर व्यंग होते आणि एक लठ्ठ होते. लठ्ठ मूल सर्वांत शेवटी गेले. २००३ मध्ये हाच प्रयोग पुन्हा प्रसिद्ध झाला तेव्हा नावड कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली. मधल्या चाळीस वर्षांत लठ्ठ मुलांची संख्या वाढली होती, परंतु परिचयाने सहानुभूती आली नाही. अपंगत्व हा दैवाचा भाग मानला जातो आणि जाडी ही स्वतःची करणी, हा त्यामागचा भेद आहे.

दिसते तसे नसते

मुळात डोळ्यांनी केलेली पारख शास्त्राच्या कसोटीवर टिकते का? याचे सर्वांत मार्मिक उत्तर पुण्यातून आले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले. वजन आणि उंची यांच्या गुणोत्तरावरून काढला जाणारा 'बीएमआय' दोघांचा तंतोतंत सारखा, २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळ. पुण्याजवळच्या गावांत १९९३ पासून सुरू असलेल्या माता-बालक अभ्यासातून याच गटाने दाखवून दिले की, भारतीय नवजात बालक इंग्लंडमधील बालकापेक्षा वजनाने बरेच लहान असते, पण त्याच्या शरीरात चरबीचा वाटा तुलनेने टिकून राहतो. कमी पडतो तो स्नायूंचा वाटा. गर्भावस्थेतील आईचे कुपोषण आणि पुढच्या आयुष्यातील मधुमेह यांचा संबंध या अभ्यासांनी जोडला.

याचा अर्थ दुहेरी आहे. वर्गातला 'बारीक' म्हणून निर्धास्त असलेला मुलगा धोक्याबाहेर असेलच असे नाही आणि ज्याला सगळे हसतात त्याच्या वजनाची सुरुवात कदाचित त्याच्या जन्माआधीच झालेली असते. आईवर ठपका ठेवण्याची घाईही अशीच अंगलट येऊ शकते. ब्रिटनमधील केंब्रिजच्या संशोधकांनी २००९ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीव्र लठ्ठपणा असलेल्या काही मुलांच्या गुणसूत्राचा एक तुकडाच गहाळ असल्याचे आढळले. त्यांतील काही मुलांची नावे सरकारी समाजसेवा खात्याने 'धोक्यातील मुले' म्हणून नोंदवली होती. आई-वडील मुद्दाम अति खाऊ घालतात, असा संशय होता. खरे कारण कळल्यावर ती नावे काढण्यात आली.

अशी जनुकीय कारणे विरळ असतात आणि गेल्या तीस वर्षांतील वाढ त्यांनी स्पष्ट होत नाही, हे खरे. इतक्या अल्प काळात माणसाची जनुके बदलत नाहीत. पण इतक्या अल्प काळात सव्वा कोटी मुलांचा स्वभावही एकदम हावरट होत नाही. बदलते ते भोवतालचे जग.

डब्याबाहेरचे जग

ते जग कोणी घडवले, याची चर्चा मुलाच्या पोटाच्या घेराइतकी रंगत नाही. महाराष्ट्र सरकारने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून जादा साखर, मीठ आणि चरबी असलेले पदार्थ हद्दपार करण्याचा आदेश काढला. २०२० मध्ये केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने शाळेत आणि शाळेच्या आवारापासून ५० मीटरच्या आत अशा पदार्थांच्या विक्रीवर बंदी घालणारे नियम केले. शाळा सुटण्याच्या वेळी शहरातील कोणत्याही फाटकाबाहेर उभे राहिल्यास हे ५० मीटर कागदावर मोजले जातात की रस्त्यावर, याचे उत्तर मिळते.

पाकिटबंद पदार्थांच्या दर्शनी भागावर ठळक माहिती असावी, यासाठी प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२ मध्ये तारांकित मानांकनाचा मसुदा आणला. चिली या देशाने २०१६ पासून अशा पाकिटांवर काळा अष्टकोनी इशारा छापणे सक्तीचे केले आहे. त्या तुलनेत तारे म्हणजे इशाऱ्याऐवजी शाबासकी, अशी टीका आरोग्य कार्यकर्त्यांनी केली. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या प्रश्नी तीन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून वस्तू व सेवा कराची नवी रचना लागू झाली. शीतपेयांवर ४० टक्के कर राहिला, पण बिस्किटे, चॉकलेट आणि आइस्क्रीमवरील कर १८ टक्क्यांवरून, तर फरसाण आणि झटपट नूडल्सवरील १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. महागाईने गांजलेल्या ग्राहकाला तो दिलासा होता, यात शंका नाही. पण ज्या वर्षी मुलांना संयमाचे धडे दिले गेले, त्याच वर्षी मोहाची किंमत उतरली, हेही नोंदवले पाहिजे.

हालचालीचे गणितही तसेच. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांचा व्यायाम सुचवते. शिक्षण हक्क कायद्याच्या २००९ च्या परिशिष्टात शाळेला मैदान असणे आवश्यक ठरवले आहे. महानगरांतील कितीतरी शाळांचे मैदान म्हणजे प्रार्थनेपुरते फरसबंद आवार असते, सोसायटीच्या मोकळ्या जागेवर मोटारी उभ्या असतात आणि संध्याकाळचे तास शिकवणी वर्गांकडे गहाण पडलेले असतात. पदपथ नसलेल्या रस्त्यावर मुलाला सायकल घेऊन सोडण्याचे धाडस पालकांनी करावे, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. या सर्वांत दहा वर्षांच्या मुलाने घेतलेला निर्णय एकही नाही.

मग बोलायचेच नाही का?

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. टवाळी नको म्हणजे विषयच नको, असे नव्हे. लहान वयातील लठ्ठपणातून यकृतावर चरबी साचणे, रक्तदाब, सांध्यांची दुखणी आणि एकेकाळी केवळ प्रौढांचा मानला गेलेला टाइप-२ मधुमेह उद्भवू शकतो. 'मोठा झाला की आपोआप झडेल' ही भाबडी आशाही मुलाचे नुकसान करते. समाजमाध्यमांवर 'आहे तसे शरीर स्वीकारा' अशी लाट आली आहे. तिचा भर प्रतिष्ठेवर आहे तोवर ती स्वागतार्ह आहे, पण तिच्या आडून तपासणीच टाळली जात असेल तर डॉक्टरांची नाराजी रास्त ठरते.

प्रश्न बोलण्याच्या पद्धतीचा आहे. केवळ मापे घेऊन घरी चिठ्ठी पाठवणे पुरेसे नसते, हे अमेरिकेच्या अनुभवावरून दिसते. कॅलिफोर्नियातील ७९ शाळांत याची शास्त्रीय चाचणी झाली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पालकांना 'बीएमआय'चे अहवाल पाठवल्याने मुलांच्या वजनात सुधारणा झाली नाही. शाळेत वजने घेतल्याने मात्र मुलांची स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी वाढली. आपल्याकडे आरोग्य तपासणीच्या दिवशी रांगेत उभे करून वजनाचा आकडा मोठ्याने पुकारला जातो, तेथे याहून वेगळे काय होणार?

याउलट मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने शाळांना 'शुगर बोर्ड' लावण्याचा जो आदेश दिला, त्याची दिशा योग्य आहे. शीतपेयात किंवा बिस्किटात किती साखर आहे, हे तो फलक सांगतो. तो पदार्थाबद्दल बोलतो, कोणत्याही मुलाबद्दल बोलत नाही आणि जाड-बारीक सर्वांना सारखाच लागू होतो. चार ते दहा वर्षांच्या मुलांच्या दैनंदिन ऊर्जेत साखरेचा वाटा १३ टक्के असल्याचे मंडळाचे परिपत्रक सांगते. शिफारस पाच टक्क्यांची आहे. हा वाटा सरासरीचा आहे, म्हणजे त्यात वर्गातले सडपातळ विद्यार्थीही आले.

घरातही हाच नियम लावता येईल. एका मुलाच्या ताटात भाकरी-भाजी आणि बाकीच्यांच्या ताटात भजी, ही शिक्षा झाली, उपचार नव्हे. बदल संपूर्ण घराचा असेल तर तो कोणा एकाच्या माथी बसत नाही. वजन मोजायचेच तर आडोशाला आणि एकट्याचे मोजावे. आकड्याचा अर्थ वयानुसार बनवलेल्या तक्त्यावर लावावा. असे भारतीय मुलांसाठीचे सुधारित तक्ते इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१५ मध्येच उपलब्ध करून दिले आहेत. तो अर्थ सांगण्याचे काम डॉक्टरांचे आहे, शेजाऱ्यांचे नाही. खेळाच्या तासाला संघ निवडताना शेवटी उरणारे मूल रोज तेच असेल, तर निवडीची पद्धत बदलणे शिक्षकाच्या हाती आहे आणि त्यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची गरज नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या बालकांतील लठ्ठपणाविषयीच्या आयोगाने जानेवारी २०१६ च्या अहवालात स्पष्ट केले होते की, हा लठ्ठपणा, विशेषतः लहान वयात, मुलाने स्वेच्छेने पत्करलेल्या जीवनशैलीचे फळ मानता येणार नाही. दहा वर्षे लोटली तरी हे वाक्य अजून आपल्या वर्गांच्या आणि बैठकीच्या खोल्यांच्या दारातच थांबले आहे. शाळेला मैदान मिळायला वेळ लागेल, पाकिटावर इशारा यायला त्याहूनही अधिक लागेल. तोवर जी गोष्ट आजच आणि फुकट करता येण्याजोगी आहे, ती म्हणजे पुढच्या लग्नात भेटलेल्या भाच्याला 'केवढा सुटलास रे' असे न म्हणता, सध्या कोणता खेळ खेळतोस, असे विचारणे. आणि त्याने 'खेळायला जागाच नाही' असे उत्तर दिले, तर त्याचा जाब त्याच्याऐवजी नगरसेवकाला विचारणे.